आवारात दोन चक्कर

रविकांत : ‘साहेब, गोमतीबाई तुमी मारली.’ पह्यली ओळ अशीच ठेवतो, मिस्त्री. महोदय नाई, नमस्कार नाई, काईच नाई.

उदयसिंग : अबे, ॲम्बुलन्सच्या बोनटवर कागद ठेवून असं लिहिते का कोनी? अन् खाली सही करशीन पुन्हा, ‘आपला विश्वासू’.

रविकांत : कायचा विश्वासू? नोटीस पाठवली त्यायनं मले. आयका. ‘आपण मेडशी ते अकोला हे अंतर निर्धारित वेळेपेक्षा सतरा मिनिटे उशिरा पूर्ण केले. जीपीएस नोंदीनुसार वाहनाचा सरासरी वेग अठ्ठावन्न होता. विलंबाबाबत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.’ झालं. बाईचं नावबी नाई याच्यात. ती मेली हेबी नाई. उशीर झाला म्हने. कोनाले उशीर झाला, ते कोनी इचारून नाई राह्यलं.

उदयसिंग : कधीलोक देनं हाय?

रविकांत : आज पाच वाजेलोक. म्हनून गाडी घेऊन सीधा तुमच्याकडं आलो. बाहेरच्या मिस्त्रीनं पाना लावला तर नोकरी जाते, असा नेम हाय आमचा. आता तशीबी चाललीच हाय.

उदयसिंग : बरं केलं आला तं. सकाळपासून या गॅरेजात एक कुत्रं येऊन गेलं फक्त. त्याचंबी काई काम नोतं. सांग, अठ्ठावन्ननं काहून चालवली?

रविकांत : स्टेअरिंग थरथरते. सत्तरलोक गाडी लोन्यावानी चालते. पंच्याहत्तर झाले का सुरू. पंच्याऐंशीवर तर असं वाटते का कोनी हातातून उपटून नेऊन राह्यलं.

उदयसिंग : कधीपासून?

रविकांत : जुलैपासून. हे पाहा लॉगबुक. बारा जुलै, ‘स्टेअरिंग पंच्याहत्तरच्या वर थरथरते.’ अठ्ठावीस जुलै, पुन्हा. ऑगस्टात एक. सप्टेंबरात एक. चार येळा लिहिलं. अन् हे लाल शाईतलं उत्तर त्यायचं.

उदयसिंग : चष्मा घरी हाय माया. वाच.

रविकांत : ‘वाहनाची आवारात चाचणी घेतली. दोष आढळला नाही.’ चारी येळा हेच. काना-मात्राबी बदलला नाई.

उदयसिंग : आवारात म्हंजे?

रविकांत : हापिसाच्या आवारात. गेटपासून पान्याच्या टाकीलोक, टाकीपासून गेटलोक. दोन चक्कर. दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जात नाई. जाईन कुठं? समोर भिंत हाय.

उदयसिंग : वा रे वा. म्हंजे बैल वावरात लंगडते, अन् यायनं त्याले गोठ्यात बांधून पाह्यला.

रविकांत : तुमी लिहून द्या मले. गाडीत दोष होता, गाडी पंच्याहत्तरच्या वर चालवन्याजोगी नोती, खाली सही, गॅरेजचा शिक्का. बस.

उदयसिंग : देतो न. शिक्का मारन्याचं कामच कुठं राह्यलं आता मले? पन एक आयकून घे. जे निघन थेच लिहीन. तुया बाजूनं निघो का इरुद्ध निघो. मंग मले म्हनू नोको, काका, असं काहून लिहिलं.

रविकांत : माझ्या इरुद्ध काय निघन? गाडी काय मी बनवली?

उदयसिंग : थे पाहू. बस. मेडशीकडं घे. मी बाजूले बसतो.

*

उदयसिंग : मांगं काय वाजून राह्यलं एवढं?

रविकांत : स्ट्रेचर. रिकामं हाय न. मानूस असला का नाई वाजत.

उदयसिंग : किती झाले?

रविकांत : साठ.

उदयसिंग : हात ढिला ठेव. मानगूट धरल्यावानी धरू नोको. दाबून धरलं का स्टेअरिंग खोटं सांगते. हां, असं. आता किती?

रविकांत : सत्तर. पाहा, काई नाई. बाहत्तर. चौऱ्याहत्तर. आता पाहा.

उदयसिंग : हो. आलं. बाप्पा! तुयं मनगटावरचं घड्याळ नाचून राह्यलं. वाढव आनखी. मायाकडं नोको पाहू बे, रस्त्याकडं पाहा.

रविकांत : ब्याऐंशी.

उदयसिंग : आता सांग, हातालेच लागते का ढुंगनालेबी लागते?

रविकांत : मिस्त्री!

उदयसिंग : लाजतं कायले? स्टेअरिंग हाललं तर समोरच्या चाकाचं दुखनं. सीट हालली तर मांगच्या. चाळीस वर्षं झाले, याच्याहून सभ्य भाषेत मले कोनी शिकवलं नाई.

रविकांत : हातालेच.

उदयसिंग : म्हंजे समोर. आता ब्रेकवर पाय ठेव. दाबू नोको, नुसता टेकव. वाढलं का?

रविकांत : नाई. होतं तेवढंच हाय.

उदयसिंग : मंग ब्रेकचं नाई. न्यूट्रल कर. आपल्या वजनानं पळू दे.

रविकांत : तशीच थरथरून राह्यली.

उदयसिंग : मंग इंजिनचंबी नाई. होऊ दे हळू आता. सत्त्याहत्तर, पंच्याहत्तर… गेलं. पाह्य, कसं गेलं. जसं काई नोतंच. आवारात सापडन कसं हे? समोरच्या कोन्या तरी एका चाकाले एका बाजूनं वजन जास्त झालं. हळू फिरते तवा थे वजन गुमान बसते. जोरात फिरलं का हातोड्यावानी मारते. 

रविकांत : एवढंच?

उदयसिंग : एवढंच. मेडशी आलं. इथून वळव.

रविकांत : इथूनच घेतलं तिले. त्या टाकीच्या मांगं घर हाय. दोन खोल्या, टिनाचं छप्पर.

उदयसिंग : संग कोन होतं तिच्या?

रविकांत : कोनी नाई. पोरगा बादल, तो सुरतले. बायको-लेकरं घेऊन गेला, दिवाळीले येते. त्याले फोन लावला तर बंद. शेजारीन म्हने मी आली असती बाप्पा, पन सोयाबीन कापाले मानसं लावले, त्यायले भाकर कोन देईन?

उदयसिंग : अन् तुमचा डॉक्टर? मांगं बसनारा?

रविकांत : कागदावर हाय. गाडीत नाई. जागा दोन वर्षांपासून रिकामी.

उदयसिंग : म्हंजे मांगं थे एकटी.

रविकांत : अन् समोर मी.

उदयसिंग : शुद्धीवर होती का?

रविकांत : पक्की. घाटालोक बोलत आली. माझ्या डोक्यामांगं हे सरकनारं काचाचं झाकन हाय न, ते उघडंच ठेवलं मी. तिचं डोकं इकडूनच होतं. छातीत कळ, अंग घामानं वलंचिंब, अन् मले इचारते, ‘बाबू, जेवला का?’ म्हनलं, जेवलो माय. म्हने, खोटं नोको बोलू, आवाज उपाशी मानसाचा हाय तुया. 

उदयसिंग : जेवला होता का?

रविकांत : नाई न. मंग म्हने, दारात बरबटीच्या शेंगा वाळू घालून आली, शेजारच्याईची बकरी खाईन. बकरीची फिकर तिले. मी हो-हो करून राह्यलो अन् मनातल्या मनात मिनिटं मोजून राह्यलो. गाडी सत्तरवर. त्याच्यावर नेली का हे स्टेअरिंग सुरू. घाटात तर सत्तरबी नाई.

उदयसिंग : मंग?

रविकांत : घाटाच्या उतारावर काच सरकली अन् बंद झाली. आपोआप सरकते ती, लॉक तुटलेलं हाय. तेबी लिहून दिलं होतं. मंग ती ठोकाले लागली. हातातल्या कड्यानं. ठक. ठक. मले वाटलं दुखनं वाढलं. म्हनलं मरो ही थरथर, अन् दाबली गाडी. पंच्याऐंशी. दोन्ही हातानं स्टेअरिंग धरलं, तरी गाडी पट्टा सोडून राह्यली होती. काच उघडाले एक हात पायजे, मिस्त्री. एकच. तो मांगं कसा नेऊ? सोडला असता तर गाडी निंबाच्या झाडावर.

उदयसिंग : हळू कराची.

रविकांत : हळू केली असती तर आनखी उशीर. ती ठोकून राह्यली म्हनून मी पळवली. पळवली म्हनून हात सुटला नाई.

उदयसिंग : हं.

रविकांत : मंग ठोकनं बंद झालं. मले बरं वाटलं, खरं सांगतो. म्हनलं, थोडी शांत झाली. झोप लागली असन.

उदयसिंग : रस्त्याकडं पाह्य, पोरा. ट्रक हाय समोर.

रविकांत : तिसऱ्या दिवशी बादलचा फोन आला. एकच इचारलं त्यानं. ‘माय काई बोलली का?’ म्हनलं, हो, जेवला का म्हने. तो म्हने, ‘नाई, शेवटी. शेवटी काय बोलली?’ मी म्हनलं, हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाई राह्यला. अन् फोन ठेवून देला. रेंज चांगली होती.

*

उदयसिंग : जॅक नीट बसला का पाह्य. मायावर पाडू नोको, माया खुलासा कोन देईन? हां. आता हे उजवं चाक हलव. वर-खाली. डावी-उजवीकडं. खटखट लागते का?

रविकांत : नाई.

उदयसिंग : बेअरिंग ठीक. स्टेअरिंगचे जोडबी ठीक. टायर घासला पन सारखा घासला, फुगा नाई. आता फिरव अन् सोड. थांबलं? हवा भराची नळी कुठं हाय?

रविकांत : बाजूले.

उदयसिंग : पुन्हा फिरव. आता?

रविकांत : खाली. 

उदयसिंग : म्हंजे याच्या मनात येईन तिथं थांबते. हे निर्दोष हाय. जॅक डावीकडं घे. असंच, फिरव. नळी?

रविकांत : वर.

उदयसिंग : पुन्हा.

रविकांत : वर.

उदयसिंग : दुसऱ्या अंगानं फिरव. उलटं.

रविकांत : मिस्त्री… पुन्हा वरच.

उदयसिंग : सापडलं. जिथं जड असते थे खाली जाते. नळी दर येळी वर, म्हंजे तिच्या समोरच्या बाजूले काई तरी बसून हाय. बाहेरून तर काई दिसत नाई, चकाचक हाय. खोल. नट खोल. आतून पाहू.

रविकांत : लय जड हाय बाप्पा.

उदयसिंग : पाड खाली. उलटं कर.

रविकांत : हे काय हाय? सिमेट?

उदयसिंग : सिमेटाची माय. काळी माती हाय आपली. पेचकस दे अन् हातोडी दे. आयक, आवाज कसा येते, गोट्यावर मारल्यावानी. सरक, डोळ्यात जाईन. निघाली! पकड. किती भरन?

रविकांत : किलोभर.

उदयसिंग : अन् रिमच्या या बाजूले पाह्य, बोटभरबी नाई. सगळी एकाच अंगाले. रस्त्यावरची माती नाई हे, रविकांत. याच्यात तुराटीचा तुकडा हाय. वावरातली हाय. कुठं घुसवली होती गाडी?

रविकांत : तांड्यावर.

उदयसिंग : कधी?

रविकांत : जुलैत. रतनसिंगची सून अडली होती. तांड्यालोक रस्ता कुठं हाय? पाटी हाय फक्त, काम पूर्ण म्हनून. मी वावरातून घातली. हे डावं चाक अर्धं रुतलं, ट्रॅक्टरनं ओढून काढली. गाडीतच पोरगी झाली तिले. सगळ्यायनं गूळ वाटला.

उदयसिंग : तारीख सांग.

रविकांत : दहा जुलै.

उदयसिंग : अन् पह्यली तक्रार लिहिली कधी?

रविकांत : …बारा.

उदयसिंग : ओला चिखल रिममधी भरला. तू गाडी आनून उभी केली. रातभरात चिखल खाली उतरून एका बाजूले बसला, अन् दोन दिवसाच्या उन्हानं तिथंच गोटा झाला. मंग अख्खा पावसाळा त्याच्यावर थर चढत गेला. म्हनून वाढत गेली थरथर. धूत नोता का गाडी?

रविकांत : धूत नोता का म्हंजे? दर शनिवारी धुतो! नेम हाय. धुतलेल्या गाडीचे फोटो ग्रुपवर टाका लागते, चारी बाजूनं, नंबर प्लेट दिसली पायजे. माझ्या गाडीले साहेबानं एकदा अंगठा देला होता. ‘रविकांतकडून शिका’ असं लिहिलं होतं खाली.

उदयसिंग : चारी बाजूनं. अन् चाकाच्या आतून?

रविकांत : आतला फोटो कोनी मांगत नाई.

उदयसिंग : हं.

रविकांत : चाक खोलाची परवानगी नाई आमाले. पन वाकून पानी मारता आलं असतं. नाई का? खाली वाकाचं, अन् पाइप आत धराचा. दोन मिनिटं. तेरा-चौदा शनिवार झाले असतीन. दर शनिवारी पाइप माझ्या हातात होता, मिस्त्री.

उदयसिंग : पानी पे आधी.

रविकांत : नोको.

उदयसिंग : पे म्हनलं न. माठातलं हाय. अन् आयक. हे ढेकूळ मी नालीत फेकतो. कागद आन इकडं. ‘डाव्या चाकाची रिम वाकलेली आढळली.’ हातोडीचे दोन घाव घातले का वाकते थे. मारतो शिक्का.

रविकांत : तुमी म्हनले होते, जे निघन तेच लिहीन.

उदयसिंग : म्हनलो होतो. तवा मले वाटलं त्यायचं निघन.

रविकांत : त्यायचंबी निघालंच न. आवारात फिरवली, ते खोटं हाय का?

उदयसिंग : खरं हाय. पन चिखल लिहिला का थे लोक चिखलच धरून बसतीन. आवार कोनाले दिसनार नाई मंग. डायवरनं गाडी धुतली नाई, संपलं. मोठ्या मानसाले लपाले एवढंसं ढेकूळ पुरते, बाबू.

रविकांत : मीबी एवढे दिवस गाडीच्या मांगंच लपलो होतो. मले वाटे गाडीच खराब हाय. त्यायनं खराब गाडी देली. लय बरं वाटे असं.

उदयसिंग : अबे, चिखलानं मरते का बाई? तिचं काळीज थकलं होतं.

रविकांत : अकोल्याचा डॉक्टर म्हने, थोडं आधी आनलं असतं तर.

उदयसिंग : सगळ्यायलेच म्हनतात थे तसं. मलेबी म्हनलं होतं.

रविकांत : तुमाले?

उदयसिंग : माया घरवालीच्या येळी. घर इथून कितीक दूर हाय? थे समोरचं. तिनं आवाज देला असन. इथं हवा भराची मशीन चालू होती. मी ट्रॅक्टरच्या टायरीत हवा भरून राह्यलो होतो, अन् ट्रॅक्टरवाला मले निवडनुकीच्या गोष्टी सांगून राह्यला होता. मशीन बंद केली तवा लय शांत वाटलं. घरी गेलो तं… जाऊ दे. तवापासून थे मशीन लावतो न, तर मधातच बंद करून पाहतो. कोनी आवाज देऊन तं नाई राह्यलं म्हनून. बारा वर्षं झाले, कोनी देत नाई. म्हनून म्हनतो, नालीत फेकू दे.

रविकांत : नोका फेकू. ठेवा त्या बाकावर.

उदयसिंग : नोकरी जाईन.

रविकांत : जाईन. बादलचा फोन पुन्हा आला तर त्याले काय सांगू? रिम वाकली होती?

(उदयसिंग चाकात हवा भरायला मशीन लावतो. फोन वाजतो. रविकांतचे हात मातीनं भरलेले. उदयसिंग फोन बोनटवर ठेवून स्पीकर चालू करतो.)

साहेब : रविकांत, खुलासा अजून मिळालेला नाही. पावणेपाच वाजले.

रविकांत : लिहून राह्यलो, साहेब.

साहेब : हे बघा, फार लांबण लावू नका. वरून विचारणा आहे, मला फाईल बंद करायची आहे. ‘मेडशी येथे वाहतूक कोंडी असल्याने विलंब झाला’, एवढं एक वाक्य लिहा, सही करा, फोटो काढून पाठवा. तुमची नोकरी राहील. मी बघतो पुढचं.

उदयसिंग : मेडशीत कोंडी! म्हशी आडव्या झाल्या असतीन.

साहेब : कोण आहे तिथे?

रविकांत : मिस्त्री हाय. मेडशीजवळच्या मालेगावचे. गाडी त्यायच्याकडं आनली मी.

साहेब : खासगी गॅरेजमध्ये? परवानगी कोणी दिली?

रविकांत : कोनीच नाई. तेबी लिहितो. साहेब, दोष सापडला. डाव्या चाकाच्या आत किलोभर माती बसली होती वाळून. मिस्त्रीनं गाडी ऐंशीवर नेऊन पाह्यली अन् अर्ध्या घंट्यात काढून देली.

साहेब : माती? म्हणजे गाडीत दोष नव्हताच. स्वच्छता कोणाची जबाबदारी आहे, रविकांत? ही तर तुमची चूक झाली.

उदयसिंग : म्हनलं होतं तुले.

रविकांत : हो. माझी हाय. आयका न, काय लिहितो ते सांगतो. ‘साहेब, गोमतीबाई मी अन् तुमी मारली. गाडी मी दर शनिवारी धुतली, पन फोटोत दिसते तेवढीच. चाकाच्या आत मी वाकून पाह्यलं नाई. हे माझं. चार येळा लिहून देलं का पंच्याहत्तरच्या वर थरथरते. तुमी चारी येळा गाडी गेटपासून टाकीलोक फिरवली अन् दोष नाई असं लिहिलं. हे तुमचं. मांगं बसाले मानूस देला नाई, हेबी तुमचं. काचाचं लॉक तुटलं होतं, तेबी तुमाले कळवलं होतं.’ एवढंच हाय. खाली सही करतो.

साहेब : अहो, आवारात ऐंशीच्या स्पीडनं गाडी चालवणार कशी? काहीतरीच काय!

रविकांत : गेट उघडंच असते, साहेब. गेटच्या बाहेर हायवेच हाय.

साहेब : रविकांत, शांत व्हा. तुम्ही चांगले ड्रायव्हर आहात, मी स्वतः ग्रुपवर तुमचं कौतुक केलं होतं. त्या बाईंच्या घरच्यांची तक्रार आहे का? नाही. कोणाचीच तक्रार नाही. मग तुम्ही कशाला उकरून काढताय?

रविकांत : तक्रार कराले कोनी असाले पायजे न. कोनी असतं तर ती एकटी नसती आली.

साहेब : हे पाठवलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही. स्पष्ट सांगतो.

रविकांत : पाठवतोच हाव. नोकरीचं इचारून नाई राह्यलो मी. दुसरं हाय. सहा महिने झाले ट्रेनिंगले, तुमीच शिकवलं होतं आमाले, पेशंट कसा उचलाचा, सायरन कधी लावाचा, फळ्यावर लिहून देलं होतं. म्हनून तुमालेच इचारतो. मांगं कोनी नाई, मधातली काच बंद, अन् बाई कड्यानं ठोकून राह्यली. हळू केली तर काच उघडता येते, ती काय म्हनते ते आयकू येते, पन उशीर होते. पळवली तर येळेवर पोहचते, पन हात सुटत नाई. मी पळवली. येळेवरबी नाई पोहचलो, अन् आयकलंबी नाई. आता तुमी सांगा, काय कराले पायजे होतं?

साहेब : …मी मीटिंगला निघालोय, रविकांत.

रविकांत : निघा. सांगून निघा.

उदयसिंग : ठेवला का थ्यानं?

रविकांत : नाई. फोनवर मिनिटं पळून राह्यले. आयकून राह्यला तो.

उदयसिंग : मंग थांब. मी मशीन बंद करतो.

रविकांत : हां, आता आयकू येईन. बोला, साहेब. हळू कराची होती, का पळवाची होती?